जुन्या फियाटच्या चाकांचे बॅलन्सिंग

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली फियाट पुढे ‘पद्मिनी’ झाली. मुंबईतली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, पण हौशी मालकांनी जपलेल्या गाड्या आजही आपल्या कारागीर बांधवांकडे येतात. तक्रार बहुधा एकच, वेग घेतला की स्टिअरिंग थरथरते. किंगपिनचा खर्च सांगण्याआधी चाक तपासावे, असे आम्ही सुचवतो.

१४ इंची रिमच्या कडेला ३० ग्रॅमचा फरक म्हणजे काय? ताशी ८० किलोमीटरला हे चाक सेकंदाला सुमारे १२ फेरे घेते आणि तेवढेसे वजन तीन किलोहून अधिक जोराने चाक ओढते. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. म्हणूनच गल्लीत शांत असलेली गाडी महामार्गावर हादरते.

मशीनवर चढवण्याआधी रिमच्या आतला चिखल, गंज खरवडून काढा. मग पुढचे चाक जॅकवर उचलून, बेअरिंगला ढील नाही हे पाहून, रिमजवळ खडू स्थिर धरा व चाक फिरवा. खडू एकाच जागी घासला तर रिम वाकडी आहे. रिम ठीक, पण टायर वरखाली होतो, तर टायर नीट बसलेला नाही किंवा उभा राहून चपटा झाला आहे. अशा चाकावर शिसे लावून मशीनचा आकडा शून्यावर येईल, थरथर जाणार नाही. वर सुके धान्य, खाली ओले ठेवणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या पैगंबरांनी (स.) हटकले होते. वाकडी रिम शिशाखाली झाकणे त्याहून वेगळे नाही.

दुसरी गोष्ट शंकूची. नव्या मशीनवर चाक मधल्या भोकातून शंकूने बसते. जुन्या पोलादी चाकाचे ते भोक झिजलेले असते, बोल्टच्या भोकांच्या बरोबर मध्यावर असेलच असेही नाही. गाडीवर मात्र चाक बोल्टवर बसते. तेव्हा बोल्टच्या भोकांत बसणारी प्लेट वापरा. ती नसेल तर चाक सोडवून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवा. आकडा बराच बदलला तर चाक मध्यावर बसलेले नाही.

वजन आतल्या व बाहेरच्या, दोन्ही कडांना मशीन सांगेल तसे विभागावे. सारे बाहेरून ठोकले तर उड्या थांबतात, डुलणे राहते. तारांच्या चाकांत आधी तारा सारख्या ताणून घ्याव्यात. त्यांना चिकटपट्टीची वजने बरी.

सर्व करूनही थरथर राहिली, तर मग ड्रम आणि किंगपिन उघडा.