रॅम आठ, हाती सव्वातीन

२०११ साली आमच्या प्रयोगशाळेतील एका संगणकात आम्ही ८ गिगाबाइट रॅम बसवली. कार्यप्रणाली होती ३२ बिटांची विंडोज ७. वापरता आली जेमतेम सव्वातीन गिगाबाइट. बाकीचे पैसे पाण्यात!

असे का व्हावे? समजा, गावातील घरांना चारअंकीच क्रमांक द्यायचे ठरले. मग ०००० ते ९९९९ अशी १०,००० घरेच पोस्टमनला सापडतील. पुढची घरे बांधलेली असली तरी त्यांना पत्ता नाही. रॅममधील प्रत्येक बाइटलाही असाच क्रमांक असतो. तो ३२ बिटांचा, आणि प्रत्येक बिट ० किंवा १. म्हणून एकूण पत्ते २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. हेच ते ४ गिगाबाइट. त्यांतलेही काही पत्ते ग्राफिक्स कार्डासारख्या भागांसाठी राखलेले असतात.

६४ बिटांच्या विंडोज ७ ला ही अडचण नव्हती. तरीही होम बेसिक आवृत्ती ८, होम प्रीमियम १६ आणि प्रोफेशनल १९२ गिगाबाइटपर्यंतच रॅम वापरी. ही मर्यादा गणिताची नव्हे, विक्रेत्याने किमतीनुसार आखलेली!

खरे तर ३२ बिटांच्या बाबतीतही सारा दोष गणिताचा नव्हता. सर्व्हरसाठीच्या विंडोजच्या काही ३२ बिटी आवृत्त्या रॅमसाठी ३६ बिटांचे पत्ते वापरीत. घरगुती संगणकांवरील अनेक ड्रायव्हर प्रोग्रॅमना एवढे लांब पत्ते झेपत नसत, म्हणून तेथे ती सोय दिली नव्हती. ३६ बिटांत किती गिगाबाइट मावतील, ते तुम्हीच काढून पाहा.