बंद घरातील पाण्याचे यंत्र : थोडी तजवीज, मोठी बचत



व्यापार पानावर आम्ही एरवी सूत, कापड, उधारी आणि बाजारभाव यांविषयी लिहितो. आज विषय थोडा वेगळा आहे. आपल्या घरात, दुकानात किंवा कारखान्यात पाणी शुद्ध करण्याचे यंत्र असते. हज, उमरा, गावाकडचे लग्न, रमजानमधील मुक्काम किंवा कारखान्याची सुट्टी, अशा कारणांनी ते काही दिवस बंद राहते. बंद यंत्राची काय काळजी घ्यावी, हे विकणारा क्वचितच सांगतो आणि घेणाराही विचारत नाही. या अज्ञानात पैसा जातो आणि प्रकृतीही बिघडते. म्हणून हा लेख.

प्रथम आमची चूक सांगतो. २०१९ साली आम्ही सहकुटुंब हजला गेलो. घर चाळीस दिवस बंद राहणार होते. मोठ्या शहाणपणाने आम्ही निघण्याच्या दोन दिवस आधी यंत्रात नवीन फिल्टर बसवून घेतले. परत आल्यावर त्रास नको, हा हिशेब. पाण्याचा कॉक चालूच ठेवला आणि यंत्राची टाकी भरलेली ठेवली. परतलो त्या दिवशी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. जमजम सर्वांना थोडे थोडे दिले, पण तहानेसाठी पाणी याच यंत्राचे दिले. संध्याकाळी कोणीतरी म्हणाले की पाण्याला वास येतो. झाकण काढून टाकीत बोट फिरवले, तर बोटाला बुळबुळीत थर लागला. दुसऱ्या दिवसापासून आमच्या धाकट्या नातवाला जुलाब सुरू झाले आणि ते तीन दिवस चालले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला. कारण तेच होते असे शपथेवर सांगता येणार नाही. परंतु पाहुण्यांना आणि लेकरांना आम्ही कोणते पाणी पाजले, हे त्या बोटावर दिसत होते. ती शरम अजून जात नाही.

आत नेमके काय घडते?

मागवाल्यांना हे समजणे सोपे आहे. माग महिनाभर बंद ठेवायचा तर आपण ताण्याचा ताण ढिला करतो, फणीला गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवतो, बीम झाकतो. पावसाळ्यात खळ लावलेले सूत दमट जागी पडून राहिले तर त्याला बुरशी धरते. पाण्याच्या यंत्राचेही तसेच आहे. चालू असताना ते धडधाकट असते, पडून राहिले की बिघडते.

नगरपालिकेच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन शिल्लक राहावे लागते. हाच पाण्याचा पहारेकरी. यंत्रातील कोळशाचा फिल्टर हे क्लोरीन काढून घेतो. वास जावा म्हणून तर तो बसवलेला असतोच, शिवाय आर. ओ. यंत्रातील पातळ पडद्याला क्लोरीनने इजा होते, म्हणूनही तो लागतो. पण यामुळे कोळशाच्या पुढचे सारे पाणी पहारेकऱ्याविना राहते. रोज वापर असेल तर पाणी खेळते आणि फारसे बिघडत नाही. पाणी कोंडले, अंधार आणि उष्णता मिळाली, की उरलेसुरले जंतू वाढतात आणि नळ्या, फिल्टर व टाकीच्या भिंतींवर चिकट थर धरतात. हा थर नुसते पाणी ओतून निघत नाही.

पडद्याची, म्हणजे मेम्ब्रेनची, गोष्ट निराळी आहे. कारखान्यातून सीलबंद येणारा कोरा पडदा थंड व सावलीच्या जागी बरेच दिवस टिकतो. पण एकदा भिजलेला पडदा पुन्हा सुकू देऊ नये. सुकला की त्याची बारीक छिद्रे आखडतात आणि पुढे पाणी कमी येते. तो गोठूही देऊ नये. बोअरवेलचे जड पाणी आत तसेच सोडले तर क्षार पडद्यावर बसतात. सारांश, भिजलेला पडदा ओलाच राहिला पाहिजे, पण घाण पाण्यात नव्हे.

किती दिवस बंद, त्याप्रमाणे उपाय

दोन दिवसांपर्यंत : विशेष काही करावे लागत नाही. परत आल्यावर टाकीतील पाणी धुण्याभांड्याला वापरावे आणि टाकी नव्याने भरू द्यावी.

तीन दिवस ते दोन आठवडे : निघण्यापूर्वी यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवावे. फ्लशचे बटण असेल तर ते दाबावे, म्हणजे पडद्यावरचे खारे पाणी वाहून जाईल. मग यंत्राकडे येणारा पाण्याचा कॉक बंद करावा, टाकी नळातून पूर्ण रिकामी करावी आणि प्लग काढून ठेवावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. पावसाळ्यात वीज पडून दाब वाढला तर आतला अ‍ॅडाप्टर जळतो. कॉक बंद करण्याचे आणखी एक कारण आहे. बंद घरात एखादी बारीक नळी निसटली तर घरभर पाणी होते आणि खालच्या मजल्यावर कापडाचे गोदाम असेल तर मालाचेही नुकसान.

दोन आठवडे ते दीड महिना, म्हणजे हजचा सर्वसाधारण काळ : सर्वांत उत्तम मार्ग साधा आहे. विश्वासू शेजारी किंवा नातेवाईक दर दोन-तीन दिवसांनी येऊन यंत्र चालवील आणि टाकी रिकामी करील, अशी व्यवस्था करावी. मग प्लग आणि कॉक त्यांच्या हवाली. हे जमत नसेल तर मेकॅनिकला बोलावून पडदा काढून घ्यावा, तो ओला असतानाच स्वच्छ, जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करावा आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावा. बर्फाच्या कप्प्यात कदापि नको. पिशवीवर तारीख लिहावी. आपण फ्रिजही बंद करून जाणार असाल तर पिशवी भावाच्या किंवा मुलीच्या घरी द्यावी. फिल्टरची घरे रिकामी करून, पुसून, कोरडी ठेवावीत.

दीड महिन्याहून अधिक : जुने फिल्टर काढून टाकावेत. पडद्याचे आयुष्य संपत आले असेल तर तो जपण्याचा खटाटोप करू नये, परतल्यावर नवा बसवावा.

येथेच आमच्या चुकीचा धडा आहे. प्रवासाच्या तोंडावर नवीन फिल्टर बसवू नयेत. हंगाम संपताना कोणी नवा माल भरतो काय? फिल्टर विकत घेऊन सीलबंद ठेवावेत आणि परत आल्यावर बसवावेत. आमचे नवे कोरे फिल्टर चाळीस दिवस सडून कचऱ्यात गेले.

मातीच्या मेणबत्तीचे साधे फिल्टर

पुष्कळ घरांत अजूनही दोन भांड्यांचा, पांढऱ्या कँडलचा फिल्टर आहे. त्याचा नियम पडद्याच्या उलट आहे : तो कोरडाच ठेवायचा. कँडल मऊ ब्रशने स्वच्छ पाण्याखाली घासावी. साबण लावू नये, तो छिद्रांत शिरतो. मग हवेशीर सावलीत तीन-चार दिवस खडखडीत वाळू द्यावी आणि स्वच्छ सुती कापडात गुंडाळावी. ओली कँडल प्लॅस्टिकमध्ये बांधली की बुरशी आलीच. पुन्हा बसवताना उजेडात धरून पाहावी. केसाएवढी चीर दिसली तरी टाकून द्यावी, कारण त्या चिरेतून गाळलेले आणि न गाळलेले पाणी एक होते.

कारखान्यातील मोठे यंत्र

कामगारांसाठी मोठे आर. ओ. यंत्र बसवलेल्या मालकांनी अधिक सावध राहावे. मंदीत माग बंद पडतात, मजूर गावी जातात आणि यंत्र धूळ खात पडते. माग सुरू होतात त्या दिवशी पहिला ग्लास मजूरच पितो. त्याची मजुरी जशी आपल्यावर अमानत आहे, तसेच हे पाणीही.

अशा यंत्राचे पडदे जागेवरच जपण्यासाठी सोडियम मेटाबायसल्फाईटचे सुमारे १ टक्का द्रावण भरून ठेवण्याची पद्धत आहे. १० लिटर शुद्ध पाण्यात १०० ग्रॅम, असे हे प्रमाण. काम जाणकार मेकॅनिककडूनच करवून घ्यावे. ब्लीचिंगवाल्यांना या जातीची रसायने परिचित आहेत, कारण कापडातील क्लोरीन मारायला ती वापरतात. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. रंगाईच्या खात्यातला 'हायड्रो' हे वेगळे रसायन आहे, ते येथे चालत नाही. आणि मेटाबायसल्फाईटही कारखान्याच्या पोत्यातले नको, खाद्य दर्जाचेच हवे. त्याच्या वाफेने दम्याच्या माणसाला त्रास होतो, म्हणून दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात. यंत्रावर ठळक पाटी लावावी : 'आत औषध आहे, पाणी पिऊ नये.' पाटी मराठी, उर्दू आणि हिंदी, तिन्हींत असावी.

परत आल्यावर

१. आधी घरातील नळ काही मिनिटे वाहू द्यावा. गच्चीवरची टाकी धुऊन घ्यावी. मूळ पाणीच शिळे असेल तर यंत्र बिचारे काय करणार?

२. यंत्राची टाकी धुवावी. वास न घातलेले ५ टक्के सोडियम हायपोक्लोराईट ५ लिटर पाण्यात चहाचा १ चमचा टाकून अर्धा तास टाकीत ठेवावे. मग हाताने घासून, वास जाईपर्यंत साध्या पाण्याने धुवावे. टाकी सुटी निघत नसेल तर हे काम मेकॅनिकवर सोडावे, कारण हे पाणी पडद्याला लागता कामा नये.

३. महिन्याहून अधिक बंद असेल तर गाळाचा व कोळशाचा फिल्टर नवा बसवावा. नव्या कोळशाचे पहिले काळसर पाणी पडद्यात जाऊ न देता बाहेर सोडावे.

४. यंत्र सुरू करून पहिल्या दोन पूर्ण टाक्या पिऊ नयेत. त्या फरशीला, संडासाला वापराव्यात. वाहत्या नदीकाठीसुद्धा वजूला पाणी उधळू नये, ही आपल्याला शिकवण आहे. म्हणून हे पाणीही गटारात ओतू नये.

५. अतिनील किरणांचा दिवा लागतो की नाही, हे यंत्रावरील खुणेवरून पाहावे. दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये.

६. तान्ही मुले, वृद्ध व आजारी यांना पहिले काही दिवस पाणी खळखळून किमान एक मिनिट उकळून, गार करून द्यावे.

एक गैरसमजही दूर करावयास हवा. काही मेकॅनिक लहानसे टी. डी. एस. मीटर पाण्यात बुडवून 'आकडा कमी आहे, पाणी उत्तम' असे सांगतात. हे मीटर विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. जंतू त्याला दिसत नाहीत. आमच्या त्या बुळबुळीत टाकीतल्या पाण्याचा आकडाही चांगलाच होता.

हुन्नर जाणणाऱ्या तरुणांसाठी

आपल्या वस्त्यांत प्लंबिंग आणि वायरिंग जाणणारी पुष्कळ मुले आहेत. त्यांनी या कामाकडे धंदा म्हणून पाहावे. हजयात्री निघण्याआधी एक फेरी, परतल्यावर एक फेरी. आधीच्या फेरीत यंत्र बंद करून पडदा जपायचा, नंतरच्या फेरीत धुऊन सुरू करायचे. दोन्हींचा दर आधी सांगावा, काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्यावा, आणि जो भाग चांगला आहे तो खराब म्हणून बदलू नये. असे वागणाऱ्याला एका मोहल्ल्यातून दहा मोहल्ले मिळतात. रोजी हलाल आणि बरकत वेगळी.

रात्री भांडी झाकून ठेवा, मशकीचे तोंड बांधा, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण लहानपणी मदरशात ऐकली. आम्ही ती पाठ केली, पण यंत्र घरात आल्यावर जबाबदारी यंत्राची, असे समजून बसलो. मशक बदलली, तोंड बांधण्याचे काम मात्र माणसाचेच राहिले.

पुढच्या प्रवासाच्या यादीत पासपोर्ट, औषधे आणि चाव्या यांच्याखाली एक ओळ वाढवावी : पाण्याचे यंत्र. अर्ध्या तासाचे काम आहे. परत आल्यावर दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला निश्चिंत मनाने पाणी देता येईल, इन्शाअल्लाह.