कारखान्याचे पाणी : दोन वाटा आणि त्यांची राखण

आपल्या न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कारखान्यांच्या सांडपाण्यावर लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु सभासदांची यादी चाळली म्हणजे हा विषय का निवडला ते ध्यानात येईल. आपली जुनी मंडळी बडोद्यास संस्थानच्या नोकरीसाठी आली आणि कारकुनी, शिक्षकी, वकिली यांत स्थिरावली. पुढे १९६२ साली गुजरात स्टेट फर्टिलायझर्सची स्थापना झाली, १९६५ साली कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला, १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स आली, नंदेसरीची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि आपल्या घराघरांतून रसायनशास्त्राचे पदवीधर, फिटर, इंजिनिअर कारखान्यांत जाऊ लागले. ज्या उद्योगाचे आपण मीठ खातो, त्याच्या पाण्याचा हिशेब कसा ठेवतात हे आपल्या घरांतील सर्वांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हा पाठ आम्ही लिहिला आहे.

दोन वाटा

कारखान्यातून पाणी दोन वाटांनी बाहेर पडते. पहिली वाट सांडपाण्याची. प्रक्रियेतून निघालेले पाणी, टाक्या व फरशा धुतल्याचे पाणी, उपाहारगृहाचे व संडासांचे मैलापाणी, हे सर्व शुद्धीकरण केंद्रात आणून, निवळवून, त्यावर जिवाणूंकडून काम करवून मग बाहेर सोडावयाचे असते. दुसरी वाट पावसाच्या पाण्याची. छपरे, रस्ते, पिंपे ठेवण्याचे आवार, मालमोटारी भरण्याची जागा यांवर पडलेले पाणी गटारांतून सरळ नाल्याकडे जाते.

पहिल्या वाटेवर पहारा असतो. दुसरीकडे मात्र पुष्कळदा कोणी पाहत नाही, कारण पावसाचे पाणी स्वच्छच असणार अशी आपली समजूत. एक हेक्टर आवारावर अवघा १० मिलिमीटर पाऊस पडला तरी त्याचे पाणी १०० घनमीटर, म्हणजे १ लाख लिटर होते. मृगाच्या पहिल्या सरीचे हे पाणी उन्हाळाभर साचलेली धूळ, इंजिनाचे तेल, फुटक्या पोत्यांतून सांडलेली भुकटी असे सर्व काही बरोबर घेऊन जाते.

या दुसऱ्या वाटेने काय अनर्थ होऊ शकतो त्याचे उदाहरण युरोपातील आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहराजवळ सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गुदामास आग लागली. आग विझविण्यासाठी मारलेले पाणी कीटकनाशके घेऊन गटारांवाटे ऱ्हाइन नदीत उतरले. नदी तांबडी झाली आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत मासे मेले. नदीत जे गेले ते कारखान्याचे नित्याचे सांडपाणी नव्हते. ते पाणी अडवून धरील असा पुरेसा हौद तेथे नव्हता. यानंतर धोकादायक माल साठविणाऱ्या ठिकाणी आगीचे पाणी अडविण्याची सोय हवी, हा विचार जगभर दृढ झाला.

कायद्याची चौकट

महाराष्ट्राने १९६९ सालीच जलप्रदूषण रोखण्यासाठी आपला कायदा केला होता. १९७४ साली संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम संमत केला व त्याच वर्षी गुजरातचे प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. कारखान्याने मंडळाची संमती घ्यावयाची, आणि संमतिपत्रात किती पाणी, कोणत्या प्रतीचे, कोठे सोडावयाचे ते लिहिलेले असते.

नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा अशा : सामू ५.५ ते ९.०, तरंगते घनकण लिटरला १०० मिलिग्रॅम, तेल व वंगण १०, बी. ओ. डी. ३०, सी. ओ. डी. २५०. काही उद्योगांस वेगळ्या वा याहून कडक मर्यादा असतात. यांतील बी. ओ. डी. म्हणजे पाण्यातील घाण खाऊन टाकताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. आपल्याकडे ही कसोटी २७ अंश सेल्सियसला ३ दिवस ठेवून घेतात. हा आकडा मोठा असेल तर जिवाणू नदीतील प्राणवायू ओढून घेतात आणि माशांना तो उरत नाही. सी. ओ. डी. मध्ये हेच काम तीव्र रसायनाकडून सुमारे दोन तासांत करवून घेतात; जे जिवाणूंना पचत नाही तेही त्यात मोजले जाते.

यांखेरीज एक कसोटी आमच्या मते सर्वांस समजेल अशी आहे. सांडपाण्यात दुसरे पाणी न मिसळता त्यात मासे सोडावे. ९६ तासांनंतर शेकडा ९० मासे जिवंत राहिले पाहिजेत. आकड्यांच्या जंजाळात न शिरताही गृहिणीने वा शाळकरी मुलाने समजून घ्यावी अशी ही परीक्षा होय.

नमुना कोठे आणि कसा घ्यावा

प्रयोगशाळेतील काम कितीही चोख असले तरी नमुनाच चुकीचा असेल तर सर्व व्यर्थ. सांडपाण्याचा नमुना शुद्धीकरण केंद्रातून पाणी बाहेर पडल्यावर, परंतु त्यात दुसरे कोणतेही पाणी मिसळण्यापूर्वी घ्यावा. पावसाच्या पाण्याचा नमुना कुंपणाच्या आतील शेवटच्या चेंबरमधून, गटार वाहू लागल्यापासून पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा. दोन तास पाऊस झोडपून गेल्यावर घेतलेला नमुना सर्व काही ठीक आहे असेच सांगणार.

एका वेळी बाटली भरून घेतली तर ती त्या क्षणाची साक्ष देते. कारखान्याचे पाणी तर पाळीपाळीला बदलते. म्हणून दर तासाला थोडे थोडे पाणी, प्रवाहाच्या प्रमाणात, घेऊन २४ तासांचा मिश्र नमुना करतात. मात्र सामू व तापमान जागच्या जागीच मोजावे. तेलासाठी काचेची स्वतंत्र बाटली घ्यावी, कारण तेल भांड्याच्या अंगाला चिकटते. ते एका बाटलीतून दुसरीत ओतून घेतलेले चालत नाही. बी. ओ. डी.चा नमुना बर्फात, सुमारे ४ अंशांवर ठेवून लवकर प्रयोगशाळेत न्यावा. धातू तपासावयाचे असल्यास बाटलीत नत्राम्ल घालतात. बाटलीवर जागा, दिनांक, वेळ व घेणाऱ्याची सही नसेल तर ते नुसते पाणी होय, नमुना नव्हे.

मंडळाचा अधिकारी नमुना घेतो तेव्हा कायद्याची रीत अशी, की कारखानदाराच्या समक्ष त्याचे दोन भाग करून मोहोरबंद करावयाचे आणि त्यांवर उभयतांच्या सह्या घ्यावयाच्या. यात दोन्ही पक्षांचे रक्षण आहे.

किती पाणी गेले ?

केवळ प्रत पाहून भागत नाही, परिमाणही हवे. समजा, एका कारखान्यातून रोज ५०० घनमीटर पाणी जाते आणि त्याची बी. ओ. डी. ६० आहे, म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. आता कोणी त्यात विहिरीचे ५०० घनमीटर स्वच्छ पाणी मिसळले, तर आकडा ३० होईल व कागदोपत्री सर्व ठीक दिसेल. परंतु नदीत जाणारी घाण पूर्वीही रोज ३० किलो होती आणि आताही ३० किलोच आहे. उलट विहिरीचे चांगले पाणी फुकट गेले ते निराळेच.

म्हणून बाहेर जाणाऱ्या प्रवाहात इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडलेला पत्रा बसवितात. त्याला व्ही-नॉच म्हणतात. खाचेतून पडणाऱ्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह कळतो. काटकोनी खाचेत उंची १० सेंटिमीटर असेल तर सेकंदाला सुमारे साडेचार लिटर पाणी जाते. २० सेंटिमीटर झाली तर सुमारे २५ लिटर. उंची दुप्पट झाली, पाणी मात्र साडेपाच पटींहून अधिक झाले ! यावरून पट्टी वाचताना दोन बोटांची चूकही किती महाग पडते ते दिसून येईल.

कोरड्या दिवसाची पाहणी

पावसाच्या गटाराची सर्वांत सोपी तपासणी पाऊस नसतानाच होते. माघ महिन्यात ते गटार वाहत असेल, तर ते पाणी पावसाचे नाही हे सांगावयास रसायनशास्त्रज्ञ लागत नाही. कोठे तरी धुण्याचे पाणी त्यात जात आहे, टाकी गळत आहे, किंवा कोणी चुकीची जोडणी केली आहे. मग फ्लुओरेसिनसारखा निरुपद्रवी रंग एकेका मोरीत ओतून तो गटारात कोठे निघतो ते पाहावे. तसेच तेलाच्या व रसायनांच्या टाक्यांभोवतीच्या बांधाची झडप सदैव बंद असावी; पाऊस साचल्यावर पाणी तपासून, वहीत नोंद करून मगच ती उघडावी.

बडोद्यास ही खबरदारी विशेष हवी. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीच्या पुराने शहर कसे व्यापले ते आपण पाहिले आहे. पूर आवारात शिरला म्हणजे दोन्ही वाटा एक होतात. तेव्हा पिंपे उंचावर हलविण्याचे काम पावसाळ्यापूर्वीच झाले पाहिजे.

वहीतील आकडा

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग आम्ही शेवटी ठेवला आहे. २०१४ साली केंद्रीय मंडळाने १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना अखंड मोजणारी स्वयंचलित यंत्रे बसविण्यास सांगितले. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी, गुजरातच्याच पर्यावरण सुरक्षा समितीच्या अर्जावर, सर्वोच्च न्यायालयाने शुद्धीकरणाची चालू यंत्रणा नसलेले कारखाने, मुदतीची नोटीस देऊन, बंद करावेत असा आदेश दिला व मोजणीचे आकडे जनतेस दिसावेत असेही सांगितले. हे योग्यच झाले. परंतु यंत्राची नळी कोणी स्वच्छ पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवली, तर यंत्र इमानाने बादलीचाच आकडा पाठवील. यंत्राला विवेक नसतो. तो माणसापाशी असावा लागतो.

प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या आपल्या मुलामुलींना कधी तरी कोणी वरिष्ठ म्हणेल, "एवढा आकडा जरा नीट करून लिहा." अशा वेळी काय करावे ? आमचा सल्ला साधा आहे. नोंद शाईने करावी. चुकले तर एकच रेघ मारून खाली सही व दिनांक घालावा. खाडाखोड करू नये. आकडा संशयास्पद वाटला तर यंत्र पुन्हा प्रमाणित द्रावणाशी ताडून पाहावे, दुसरा नमुना घ्यावा, आणि दोन्ही आकडे लिहावेत. वरिष्ठांना नम्रतेने लेखी कळवावे. वाईट आकडा हा कारखान्याचा शत्रू नव्हे. केंद्रातील जिवाणू मरू लागले आहेत, हवा घालणारे यंत्र बिघडले आहे, ही बातमी तो दोन दिवस आधी देतो. तो दडपला तर तीच बातमी पुढे गावकऱ्यांच्या विहिरीतून येते, आणि तेव्हा उपाय हाती राहत नाही. आणि घरच्या वडील मंडळींनीही अशा मुलामागे उभे राहावे. "नोकरी सांभाळ, तुला काय करायचे आहे ?" हे वाक्य आपल्या घरांत उच्चारले जाऊ नये, असे आम्हांस मनापासून वाटते.

कारण हे पाणी कोठे तरी जातेच. बडोद्याच्या कारखान्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी १९८३ पासून सुमारे ५६ किलोमीटर लांबीच्या पाटाने जंबुसर तालुक्यात महीच्या मुखाकडे, खंभातच्या आखाताच्या बाजूस नेले जाते. हा पाट शहराच्या नजरेआड असला तरी वाटेतील गावांच्या शिवारांतूनच जातो. तेथे शेतकरी आहे, त्याची विहीर आहे, गोठ्यातील गुरे आहेत. आपल्या वहीतील आकडा खरा की खोटा, हे त्यांना वही न उघडताच कळते.

महाराज सयाजीराव गायकवाडांच्या कारकीर्दीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजवा सरोवराचे पाणी या शहरात आले, आणि आपल्या पिढ्या त्यावर वाढल्या. आपल्याकडे पाणी स्वच्छ येण्याची व्यवस्था दुसऱ्यांनी केली. आपल्याकडून ते स्वच्छ जाण्याची व्यवस्था आपण करावयाची आहे. न्यासाच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले विद्यार्थी आज ठिकठिकाणी नमुने घेत आहेत, वह्या लिहीत आहेत. त्यांनी येत्या माघात आपापल्या आवारातील पावसाचे गटार एकदा स्वतः चालत जाऊन पाहावे, आणि जे दिसेल ते तारीखवार लिहून ठेवावे, एवढीच आमची त्यांस विनंती आहे.