कुंडीतील कोरफड व निवडुंग यांची कूज : ओळख आणि उपाय

कोरफड, निवडुंग, शेर, पानफुटी इत्यादी मांसल वनस्पती अतिशय काटक असतात, असा सर्वत्र समज आहे आणि तो बहुतांशी खराही आहे. पाण्याच्या टंचाईने या वनस्पती क्वचितच मरतात. तथापि कुंडीत किंवा रोपवाटिकेच्या पिशवीत त्या लावल्या म्हणजे अनेकदा कुजून नाश पावतात. त्याचे मुख्य कारण रोग ओळखण्यात होणारी चूक हे होय.

या बाबतीत प्रस्तुत लेखकाचा स्वतःचा अनुभव येथे नमूद करणे उपयुक्त ठरेल. एका गावी महिलांच्या बचत गटाने कर्ज काढून कोरफडीची रोपे पिशव्यांत तयार केली होती. श्रावणात रोपांची पाने मलूल पडली. मी पाने पाहिली, परंतु मुळे पाहिली नाहीत. आणि पाणी वाढविण्याचा सल्ला दिला. आठच दिवसांत कित्येक रोपे बुडाशी मोडून पडली. एक पिशवी फाडून पाहिली तेव्हा माती चिखलासारखी ओली व मुळे काळी पडलेली आढळली. रोपे तहानलेली नव्हती, ती बुडत होती. उरलेली रोपे पुढे दिलेल्या रीतीने वाचविता आली. परंतु गेलेल्या रोपांचे नुकसान त्या भगिनींनाच सोसावे लागले.

कूज का होते?

मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. माती सतत ओली राहिली म्हणजे तिच्यातील हवा नाहीशी होते, मुळे गुदमरतात व मरू लागतात. अशा मुळांत पिथियम, फायटोप्थोरा, फ्युजेरियम यांसारख्या रोगकारकांचा सहज शिरकाव होतो. मुळे नष्ट झाल्यावर भोवती पाणी असूनही झाडास ते शोषून घेता येत नाही. म्हणूनच कुजलेले झाड तहानलेल्या झाडासारखे दिसते.

रोगाची ओळख

झाड अलगद उपटून मुळे पाहिल्याशिवाय निदान करू नये. तपासणी करताना पुढील भेद ध्यानात ठेवावेत.

१. पाण्याची टंचाई : माती कोरडी असते. खालची पाने पातळ व सुरकुतलेली, परंतु गाभा घट्ट असतो. मुळे पांढरट असतात. पाणी दिल्यावर काही दिवसांत पाने पुन्हा भरतात.

२. मूळकूज : माती ओली असूनही पाने मलूल पडतात. मुळे तपकिरी वा काळी होतात व चिमटीत धरून ओढल्यास वरची साल निघून आतील दोरा तेवढा हाती राहतो.

३. बुडकूज : मातीलगत खोडावर कापसासारखी पांढरी बुरशी व मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसतात. ही स्क्लेरोशियम बुरशी होय. हे दाणे मातीत दीर्घकाळ जिवंत राहतात.

४. जिवाणूजन्य मऊ कूज : भाग पाणीदार, लिबलिबीत होऊन दुर्गंधी येते. बुरशीनाशकाचा यावर उपयोग होत नाही.

५. उन्हाचा चट्टा : फक्त उन्हाच्या बाजूस कोरडा डाग पडतो व तो पसरत नाही. यास औषधाची गरज नाही.

उपचार

रोगट झाड प्रथम वेगळे ठेवावे. मुळे पाण्याने धुऊन कुजलेला भाग धारदार चाकूने कापावा. प्रत्येक कापानंतर पाते स्पिरिटने पुसावे वा ज्योतीवर तापवून घ्यावे. स्पिरिट जवळ असता ज्योत पेटवू नये. कापलेल्या खोडात तांबूस कडे दिसत असेल तर ते नाहीसे होईपर्यंत निरोगी भागाकडे कापीत जावे. शेराचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून हातमोजे वापरावेत.

कापलेले झाड लगेच लावू नये. कोरफडीची पिल्ले सावलीत ३ ते ४ दिवस व निवडुंगाचे जाड तुकडे ७ ते १० दिवस सुकवावेत. जखम कोरडी झाल्यावर कोरड्या मिश्रणात लावून सुमारे एका आठवड्याने हलके पाणी द्यावे. कोरफडीचा गाभाच कुजला असल्यास निरोगी पिल्ले तेवढी वाचवावीत; कारण तिच्या पानापासून सहसा नवे रोप तयार होत नाही. मऊ कुजेची व स्क्लेरोशियमची झाडे मातीसह काढून नष्ट करावीत. ती उकिरड्यावर टाकू नयेत.

शेजारच्या निरोगी रोपांच्या बुडाशी १ टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. त्यासाठी १०० ग्रॅम मोरचूद ५ लिटर पाण्यात व १०० ग्रॅम कळीचा चुना ५ लिटर पाण्यात निरनिराळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवावा. दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून काठीने ढवळावीत. स्वच्छ लोखंडी पाते त्यात मिनिटभर बुडवावे. त्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. औषध दिलेल्या कोरफडीची पाने खाण्यास वा अंगास लावण्यास वापरू नयेत.

प्रतिबंधक उपाय

नुसती काळी माती कुंडीत कधीही भरू नये. २ भाग जाड वाळू, १ भाग तांबडी माती व १ भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण घ्यावे. कुंडीचे छिद्र मोकळे असावे. पावसाळ्यात रोपे छपराखाली, परंतु उजेडात ठेवावीत. पाणी देण्यापूर्वी कोरडी काडी तळापर्यंत खुपसून पाहावी. तिला ओली माती चिकटून आल्यास पाणी देऊ नये. शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळणे हितकर असते; मात्र तांब्याच्या औषधांबरोबर ती एकाच वेळी देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांस एवढेच सांगणे आहे की, झाड मलूल दिसताच पाण्याचा वा औषधाचा सल्ला देण्याची घाई करू नये. आधी माती चाचपावी, मुळे पाहावीत आणि मगच बोलावे.