स्वयंभू संख्या

गणितात संशोधन करावयाचे तर मोठी पदवी हवी, असा समज असतो. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांचे पदव्युत्तर शिक्षण झालेले नव्हते. तरी त्यांच्या संख्यांवर मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकाच्या मार्च १९७५च्या अंकात लिहिले. त्यांचा ६१७४ हा अंक पुष्कळांस ठाऊक आहे. मला स्वतःला त्यांच्या स्वयंभू संख्या अधिक आवडतात.

कोणतीही संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १६ घेतल्यास १६+१+६=२३; पुढे २३+२+३=२८, मग ३८, ४९, ६२... येथे १६ ही २३ची जनक संख्या. १०१ला तर दोन जनक आहेत, ९१ आणि १००. पण २०ला एकही नाही. ज्या संख्येला जनक नाही ती स्वयंभू.

शंभराच्या आत अशा तेराच आहेत : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. नऊपासून पुढे दर वेळी अकरा वाढतात. ९७नंतर १०८, तीही स्वयंभूच. आता कोणीही म्हणेल, पुढची ११९. परंतु १०९+१+०+९=११९! जनक सापडला. खरी पुढची संख्या ११० आहे. दहा वेळा जुळले म्हणून अकराव्यांदा जुळेलच असे नाही. आम्हा बँकेतल्या लोकांना हे निराळे सांगावे लागत नाही.

मग तपासावे कसे? ७५ घेऊ. जनक असेल तर तो ७५हून लहान, म्हणजे दोन अंकीच असणार. दोन अंकांची बेरीज १८हून अधिक होत नाही, म्हणून तो ५७ ते ७४ यांतच हवा. शिवाय कोणतीही संख्या व तिच्या अंकांची बेरीज यांना ९ने भागल्यास बाकी सारखीच उरते. म्हणून जनकाच्या बाकीची दुप्पट करून ९ने भागले की मूळ संख्येची बाकी आली पाहिजे. ७५ची बाकी ३. सहाची दुप्पट बारा, बाकी ३. तेव्हा जनकाची बाकी ६ हवी. अठरांतून ६० व ६९ एवढ्याच उरल्या. ६०+६=६६, ६९+१५=८४. दोन्ही चुकल्या, ७५ स्वयंभू ठरली.

हीच रीत २०२२ या वर्षाला लावून पाहावी. तेथे तपासण्यास तीनच संख्या उरतात : २००१, २०१० आणि २०१९.