गल्लीची वही आणि नदीची पातळी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. कोल्हापुरात पावसाळ्यात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ मोजतात. तिथं ४० फुटांवर इशारा आणि ४५ फुटांवर धोका. ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली आणि सांगलीत कृष्णेनं ५७ फूट ओलांडले. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून चार लाखांहून अधिक माणसांना घरं सोडावी लागली.

त्या दिवसांत चपात्यांच्या टोपल्या उचलणारी, नावांच्या याद्या करणारी आणि पूर ओसरल्यावर गाळ उपसणारी बरीचशी पोरं-पोरी कॉलेजात शिकत होती. गाव एकत्र कसं येतं, हे त्यांनी जवळून पाहिलं. धावून जाताना काय चुकतं, तेही त्यांना दिसलं. पुढच्या पुराला जी पोरं उभी राहतील, त्यांच्यासाठी या पोरा-पोरींचे अनुभव नोंदवून ठेवायला हवेत.

पहिली चूक नदी चढायच्या आधीच झाली होती. २००५च्या महापुराची खूण दोन्ही शहरांत अनेक भिंतींवर होती, आणि त्याहून पक्की ती माणसांच्या मनात होती. २००५ला इथवर पाणी आलं नव्हतं, हे वाक्य २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेपासून सांगलीच्या गावभागापर्यंत घराघरांत ऐकू येत होतं. कुणी सामान माळ्यावर टाकून निश्चिंत झालं, कुणी म्हाताऱ्यांना वरच्या मजल्यावर नेऊन बसवलं. पाणी जुन्या खुणेवर थांबलं नाही. रात्रीत ते जिन्याच्या पायऱ्या चढू लागलं आणि जी माणसं दिवसा चालत बाहेर पडू शकली असती, त्यांना होडीची वाट पाहत बसावं लागलं. घरच्यांना समजावण्यात तासन् तास घालवलेल्या मुलांचा अनुभव असा की आजोबांशी खुणेवरून वाद घालून उपयोग होत नाही. त्यांना आजचा आकडा दाखवायचा, दर तासाला पाणी किती इंच चढतंय ते दाखवायचं आणि अंधार पडायच्या आत बाहेर काढायचं.

आकडा वाचायलाही शिकावं लागतं. ३९ आणि ४३ हे आकडे बंधाऱ्यावरचे. आपल्या दारात पाणी कोणत्या फुटाला येतं, हे प्रत्येक गल्लीनं स्वतः शोधून लिहून ठेवायला हवं. जयंती नाल्याच्या कडेला नदीच्या आधी नाल्याचं पाणी मागं फिरतं, त्यामुळे नदीपासून लांब असलेली घरंही बुडतात. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की ते पाणी कोल्हापुरात यायला काही तास लागतात. कोयनेतून सोडलेलं पाणी तर कऱ्हाडच्या संगमावरून सांगलीला यायला दिवस घेतं. वेळेवर ऐकलं तर ही मुदत घर हलवायला पुरते. बातमी ऐकून नुसतं पूल बघायला गेलं तर ती वाया जाते.

कोल्हापूरची एक जमेची बाजू म्हणजे तालमी आणि तरुण मंडळं. गणपती, फुटबॉल आणि शिवजयंतीच्या निमित्तानं एकमेकांना ओळखणारी पोरं पेठापेठांत आधीच बांधलेली असतात. कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुणाकडे ट्रॅक्टर आहे, कुणाला पोहता येतं, हे सांगायला त्यांना सरकारी यादी लागत नाही. पाणी शिरलं तेव्हा याच पोरांनी गल्ल्या रिकाम्या केल्या. न बुडालेल्या उपनगरांत घराघरांतून चपात्या लाटल्या गेल्या. मंगल कार्यालयं, शाळा, मठ, मशिदी निवाऱ्यासाठी उघडल्या. त्याच आठवड्यात बकरी ईद होती आणि अनेक मुस्लिम कुटुंबांनी कुर्बानीसाठी बाजूला ठेवलेले पैसे पूरग्रस्तांना दिले. पुढं सप्टेंबरात गणपती आले तेव्हा कितीतरी मंडळांनी देखावे आणि मिरवणुका आवरून वर्गणी मदतीकडे वळवली. कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीचे प्रशिक्षित स्वयंसेवक, एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाचे जवान पाण्यात होते. पण त्यांच्या बोटीला योग्य गल्लीत वळवायला गल्लीतलंच पोरगं लागायचं.

शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर पाणी आलं आणि जवळपास आठवडाभर वाहतूक थांबली. ट्रकांच्या रांगा लागल्या, पेट्रोल मिळेना, दूध आणि भाजी येईना. बाहेरगावची कॉलेजची मुलं आपापल्या खोल्यांत अडकली. घरी जाता येत नव्हतं, पण शिवाजी विद्यापीठाचा परिसर उंचावर असल्यामुळे तिथं राहणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर होतं आणि हाताला वेळ होता. शहराला पाणी देणारी उपसा केंद्रं पुरात बुडाल्यामुळे चहूकडं पाणी असताना नळ कोरडे होते. विद्यापीठानं आपल्या तलावांत आणि विहिरींत वर्षानुवर्षं साठवलेलं पाणी त्या दिवसांत शहराच्या कामी आलं. पुराच्या काळात सर्वांत आधी पिण्याच्या पाण्याची टंचाई येते, हा धडा ज्यांनी टँकरपुढच्या रांगा सांभाळल्या ते विसरणार नाहीत. पाणी ४० फुटांच्या पुढं गेलं की घरातली प्रत्येक कळशी, पिंप आणि बादली भरून ठेवायची. हे आईला कधी सांगावं लागत नाही, खोली घेऊन राहणाऱ्या मुलांना मात्र सांगावं लागतं.

फोन हाती असलेल्या मुलांकडून एक वेगळाच घोळ झाला आणि त्याबद्दल स्पष्ट लिहायलाच हवं. अमुक ठिकाणी सात माणसं अडकलीत, बोट पाठवा, असे निरोप व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत राहिले. त्यात वेळ नसायची, घराची नेमकी खूण नसायची. ती माणसं कालच बाहेर निघालेली असायची, तरी निरोप दुसऱ्या दिवशीही पळत राहायचा. एक होडी रिकाम्या घराकडं गेली की कुठंतरी खरंच अडकलेलं कुटुंब आणखी तासभर छपरावर थांबतं. ज्या गटांनी हे वेळीच ओळखलं त्यांनी साधी वही ठेवली. एका मुलीनं फोन घ्यायचा, दुसरीनं लिहायचं. किती माणसं, त्यांत म्हातारी, गरोदर बाई किंवा आजारी कोण, घराजवळची ठळक खूण कोणती, फोनची बॅटरी किती उरली आणि निरोप किती वाजताचा आहे, एवढं विचारायचं. सुटका झाली की त्या ओळीवर काट मारायची आणि जिथून निरोप आला त्या गटात ते कळवायचं. वहीत वेळ लिहिलेली नसेल तो निरोप पुढं पाठवायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी खूप फरक पडतो. धरण फुटल्याच्या अफवाही याच नियमानं अडतात, कारण अफवेला कधीच वेळ आणि सांगणाऱ्याचं नाव नसतं.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. कृष्णाकाठची पोरं नदीत वाढलेली असतात. भोपळ्यांची सांगड बांधून पोहायला शिकलेली पिढी अजून गावोगावी आहे. गुऱ्हाळावरची काहील होडीसारखी वापरून माणसं पलीकडं नेणारी गावंही आहेत. नृसिंहवाडीच्या दत्त मंदिरात पाणी चढून दक्षिणद्वार सोहळा झाला की लोक भक्तीनं स्नानाला जातात. नदीशी असलेली ही जवळीक खरी आहे, तिच्याबद्दल आदर आहे. पण महापुराची नदी ओळखीची राहत नाही. बांध, कुंपणं, विहिरी, विजेच्या तारा सगळं पाण्याखाली गेलेलं असतं आणि वरून ते सपाट दिसतं.

८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावातून बाहेर पडणाऱ्या लोकांची बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. त्यात बायका होत्या, लहान मुलं होती. बोटीत तिच्या क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. ती सगळी घाबरलेली होती, एकमेकांना सोडून जायला तयार नव्हती, आणि हे कुणालाही समजू शकतं. म्हणूनच बोटीत किती माणसं घ्यायची ते काठावर उभ्या असलेल्या एका माणसानं आधी ठरवायचं आणि रडारड झाली तरी तो आकडा बदलायचा नाही. लाइफ जॅकेट नसेल तर बोटीत चढायचं नाही. लहान मूल आणि आई एकाच फेरीत, सामान कोणत्याच फेरीत नाही. बोटीत कुणी उभं राहायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच. काठावर गर्दी आवरायला थांबलेला विद्यार्थी वल्हं मारणाऱ्याइतकंच मोलाचं काम करत असतो. हे त्याला त्या वेळी कळत नाही, म्हणून इथं सांगायचं.

गुडघाभर पाण्यातून जायचीच वेळ आली तर लांब काठी हवी. पुढची जमीन चाचपल्याशिवाय पाय टाकायचा नाही, कारण गटारांची झाकणं वाहून गेलेली असतात. अंधारात पाण्यात जायचंच नाही. ज्या भागातली वीज तोडल्याची खात्री नाही तिथं ओल्या भिंतीला हात लावायचा नाही. साप कोरड्या जागेच्या शोधात माळ्यावर आणि कपाटात शिरतात. कृष्णेत मगरीही आहेत आणि पुरात त्या पात्राबाहेर येतात.

पूर ओसरला की टीव्हीवाले निघून जातात आणि खरं काम तेव्हा सुरू होतं. घरात घोट्यापर्यंत चिकट गाळ, भिजून फुगलेली गादी, कुजलेलं धान्य, गोठ्यात मेलेली जनावरं. सांगली नगर वाचनालयात दीडशे वर्षांच्या वाटचालीत जमलेल्या पुस्तकांपैकी हजारो पुस्तकांचा लगदा झाला होता. ज्या मुलांनी ती पुस्तकं बाहेर काढली त्यांच्यापैकी अनेकांनी पुढं कितीतरी दिवस दुसरं काही बोलायचं नाव घेतलं नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पथकांनी शाळा, दवाखाने, देवळं आणि घरं धुऊन दिली. एकट्या म्हाताऱ्या बाईच्या घरातला गाळ चार पोरांनी दोन तासांत काढला तर तिला लाख रुपये मिळाल्यासारखं वाटतं. घर साफ करून झाल्यावर तिच्याशेजारी थोडा वेळ बसावं, तिला बोलू द्यावं.

गाळात उतरणाऱ्यानं गमबूट आणि हातमोजे घातलेच पाहिजेत. पायाला जखम असेल तर त्या दिवशी याद्या करायचं काम घ्यावं. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. साफसफाईनंतर पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही दिसलं तर पुरात काम केल्याचं डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगायचं. प्रतिबंधक गोळ्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्यायच्या. विहिरीत आणि टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किती टाकायची ते आरोग्यसेवकाला विचारायचं, अंदाजानं ओतायची नाही.

मदतीचे ट्रक आले तेव्हा हमरस्त्यावरच्या पहिल्या गावात ते रिकामे झाले. शिरोळ तालुक्यातल्या आतल्या गावांत बिस्किटांचा पुडाही पोचला नव्हता, तर रस्त्याकडेच्या शाळेत जुन्या कपड्यांचे ढीग लागले होते. त्या ढिगातून फाटके कपडे वेगळे करण्यात पोरांचे दिवस गेले. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, हे कुणी नाकारत नाही. पण देण्याआधी एक फोन करून काय हवंय हे विचारलं असतं तर खराटे, फावडी, फिनेल, सॅनिटरी पॅड, आतले नवे कपडे, गॅस शेगडी, वह्या-पुस्तकं आणि जनावरांचा चारा आला असता. त्या गावांतल्या शेतकऱ्याला म्हशीसाठी ओल्या वैरणीची काळजी स्वतःच्या जेवणाआधी असते. पुढच्या वेळी बाहेरगावचा मित्र ट्रक भरायला निघाला की त्याला थांबवून आधी गावाचं नाव ठरवायला लावावं आणि त्या गावातला एक माणूस फोनवर जोडून द्यावा.

पुरात वाहून गेलेल्या वस्तूंत विद्यार्थ्यांची कागदपत्रंही असतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची दुसरी प्रत शिक्षण मंडळाकडून मिळते, पदवीची विद्यापीठाकडून. त्यासाठी शाळा-कॉलेजचं पत्र, अर्ज आणि पंचनाम्याची प्रत लागू शकते, म्हणून तलाठी घरी येईल त्या दिवशी कागदपत्रं गेल्याचंही पंचनाम्यात लिहून घ्यावं. त्याआधीच डिजिलॉकरमध्ये ठेवता येईल ते ठेवावं, जातीचा दाखला आणि आधार कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून घराबाहेर नेण्याच्या पहिल्या पिशवीत घालावं. फी भरायला पैसे उरले नाहीत म्हणून शिक्षण सोडायच्या विचारात असलेली मैत्रीण वर्गात असेल तर तिच्याबरोबर प्राचार्यांकडं जावं. एकटीनं मागताना तिला संकोच वाटतो.

जुलै २०२१मध्ये दोन्ही नद्यांनी पुन्हा ५० फूट ओलांडले, तेही कोरोनाच्या काळात. २०१९ला वही ठेवणारी काही मुलं तेव्हा नोकरीला लागली होती, काही लग्न होऊन परगावी गेली होती. त्यांच्या वह्या कुठं आहेत, हे ज्या गल्ल्यांत माहीत होतं तिथलं काम पहिल्याच तासाला सुरू झालं. बाकीच्यांनी सगळं नव्यानं शोधलं. त्यामुळे मे महिन्याच्या सुटीत, मंडळाच्या बैठकीला गर्दी असते तेव्हाच, नव्या पोरांनी जुन्यांकडून वही मागून घ्यावी. घरटी माणसं, औषधावर जगणारी माणसं, जनावरं, कुणाच्या दारात किती फुटांना पाणी येतं, पोहणारे कोण, ट्रॅक्टरचा मालक कोण, किल्ल्या कुणाकडे, शाळेचा हॉल कोण उघडेल, हे सगळं पुन्हा दारोदार फिरून तपासावं. एक प्रत तालमीत, एक ग्रामपंचायतीत किंवा वॉर्ड ऑफिसात आणि एक नदीपासून लांब राहणाऱ्या एखाद्या मुलीच्या घरी ठेवावी.