राजहंस चालतो, मग बाकीच्यांनी चालायचंच नाही का?



मागच्या सत्रातली गोष्ट. आठवीतल्या एका मुलीने मला वर्गाच्या दारातच गाठलं आणि ‘स्मृतिचित्रे’ परत केलं. वाचनपेटीतलं पुस्तक, तिनेच हट्टाने मागून नेलेलं. म्हणाली, “मॅडम, मी आता रोजनिशी लिहिणार नाही. लक्ष्मीबाई किती सोपं लिहितात! वाचताना हसू येतं आणि नंतर त्यांचा रागच येतो. मला असं कधीच जमणार नाही.”

मी काय बोलले असेन? आपण सगळे बोलतो तेच. “अगं, सराव कर, जमेल.” तिने मान हलवली आणि गेली. पुढचे आठ दिवस वही कोरी.

घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण डी.एड.ला असताना मीही एका लेखकाची पानंच्या पानं उतरवून काढायचे आणि स्वतःचं लिहायला बसले की कागद फाडायचे. खरं सांगायचं तर हा हेवा वाईट नाही. ज्या मुलाला चांगलं वाक्य आणि आपलं वाक्य यांतला फरकच जाणवत नाही, त्याला हेवा वाटणारच नाही. या मुलीचं वाचन मुरलं होतं, म्हणून तर तिला त्रास झाला. अडचण एवढीच की त्या फरकाने तिचा हात थांबला.

यावर उत्तर सापडलं ते आपल्याच जिल्ह्यात, नेवाशाला.

प्रवरेकाठच्या नेवाशात शके १२१२ म्हणजे इ.स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ती सांगितली असं परंपरा मानते, तो पैस खांब तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सहलीत पाहिला असेल. मुलांना तिथे नेतो, फोटो काढतो, डबे खातो आणि परत येतो. (मीही तेच केलंय.) पण जरा विचार करा. परंपरेने सांगितलेलं वय धरलं तर समोर बसलेला मुलगा आपल्या दहावीच्या वर्गात शोभेल असा. ग्रंथ कुठला, तर गीता. ती व्यासांची, आणि तिच्यावर शंकराचार्यांसारख्यांची भाष्यं आधीच झालेली, तीही संस्कृतात. त्यात हा मराठीत बोलणार. छाती दडपायला याहून मोठं कारण काय हवं?

आणि दडपण त्यांनी लपवलेलंही नाही. पहिल्याच अध्यायात ते स्वतःला टिटवी म्हणतात, चोचीने समुद्र मोजायला निघालेली. मात्र अठराव्या अध्यायाच्या शेवटी, हजारो ओव्या सांगून झाल्यावर, ते याच गोष्टीकडे पुन्हा येतात आणि आता सूर वेगळा आहे. राजहंसाची चाल जगात देखणी म्हणून इतर कुणी चालूच नये का, असं ते विचारतात. घागरीत खूप पाणी मावतं, मग चुळीत चूळभर येत नाही का? मशालीचा उजेड मोठा, पण वातही आपल्यापुरता उजेड देतेच ना? समुद्रात आभाळ दिसतं तसं डबक्यातही दिसतं, डबक्याएवढं. मग म्हणतात, मी व्यासांच्या मागावर, भाष्यकारांना वाट विचारत निघालोय.

वाट विचारत! हा शब्द मी वर्गात फळ्यावर लिहिला. ज्याचा हेवा वाटतो त्याच्याशी शर्यत लावायची नाही आणि त्याच्या पाया पडून घरीही बसायचं नाही. त्याला वाट विचारायची.

मग मुलीला लक्ष्मीबाईंबद्दल सांगितलं. जिला तू घाबरलीस ती बाई लग्नानंतर नवऱ्याकडून लिहायला-वाचायला शिकली. नवरा कोण, तर रेव्हरंड टिळक, नावाजलेले कवी. नगरला त्यांच्या घरात बालकवींसारखा मुलगा राहायचा. म्हणजे घरातच दोन राजहंस! टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या दहा-अकरा अध्यायांवर थांबलं होतं. पुढचे साठहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. आणि ‘स्मृतिचित्रे’ पुस्तकरूपाने येऊ लागलं १९३४ पासून, वयाची पासष्टी ओलांडल्यावर. त्यात टिळकांची भाषा शोधून सापडत नाही. टिळकांचा राग, विसरभोळेपणा, हातातलं देऊन टाकायची सवय हे सगळं आहे, पण स्वयंपाकघरात बसून सांगावं तसं.

“मग त्यांना काय विचारशील?” मी म्हटलं. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “त्या माणसाची खोड बघतात.”

एवढं पुरलं. वर्गाला तेच दिलं: लक्ष्मीबाईंचा एक उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचं, त्यांनी काय काय पाहिलं तेवढं तोंडी सांगायचं, आणि मग आपल्या घरातल्या एका माणसाची एक खोड लिहायची. पुस्तक मिटणं महत्त्वाचं बरं का. उघडं ठेवलं की मुलं शब्द उचलतात. तिचा पहिला मसुदा तसाच होता, कुठलेकुठले जुने शब्द घातलेले. मी ते खोडले नाहीत, फक्त विचारलं, “तुझ्या घरात असं कोण बोलतं?” दुसऱ्या दिवशी आजोबा आले वहीत. सकाळी डेअरीत दूध घालून येतात, आणि फॅट कमी लागली की तो आकडा घरात कुणाला सांगायच्या आधी गोठ्यात जाऊन गाईला सांगतात, वर तिलाच विचारतात, “काय गं, काल खाल्लं नव्हतं का?” वर्ग हसून लोळला.

पालकांना एक विनंती. लेकराने आवडत्या लेखकासारखं लिहिलं तर लगेच “कॉपी केलीस” म्हणू नका. ते वाट विचारणंच असतं, काही महिने चालतं. आणि “बघ, शेजारची किती छान लिहिते” हे तर नकोच; हेवा तिने स्वतः निवडलेला असू द्या.

परवा ती परत आली. “मॅडम, राग अजून येतोच त्यांचा,” म्हणाली. मग हळूच, “ते पुस्तक अजून पंधरा दिवस नेऊ का?”